भूतानचा बांध

भूतानला 'धाकटा भाऊ' म्हणणं आपण आधी बंद करू या. दिल्लीतल्या भाषणांत हा शब्द येतो, वाहिन्यांवरच्या चर्चेत येतो, थिंपू-पारोची सहल करून आलेल्या सोसायटीतल्या काकांच्या तोंडीही येतो. भूतान आपला भाऊ नाही, मित्रदेश आहे. भावाला गृहीत धरता येतं. त्याच्या वाटणीबद्दल परस्पर बोलता येतं, त्याने कुणाच्या घरी जावं हे ठरवता येतं. मित्राशी असं वागलं तर मैत्री तुटते. या एका शब्दापायी आपण भूतानशी अनेकदा चुकीचं वागलो आहोत. त्या चुका आज मांडतो.

चीनचं वागणं समजून घ्यायला गावाकडच्या माणसाला नकाशा लागत नाही. शेजारचा दांडगा शेतकरी नांगरताना दरवर्षी एक तास तुमच्या बांधात घालतो. पहिल्या वर्षी तुम्हाला वाटतं, बैल सरकला असेल. तिसऱ्या वर्षी बांधाची नुसती रेघ उरते. पाचव्या वर्षी तोच म्हणतो, मोजणी आणा. मोजणीवाला येईपर्यंत त्याने तिथे गोठा बांधून गुरं बांधलेली असतात. भूतानच्या सीमेवर हेच चाललं आहे. गोठ्याच्या जागी तिथे अख्खी गावं उभी आहेत.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम आठवा हिस्सा. चीनशी त्याचे राजनैतिक संबंध नाहीत, थिंपूत चीनचा दूतावास नाही. सीमेबद्दलची थेट बोलणी १९८४ मध्ये सुरू झाली. १९८८ आणि १९९८ मध्ये दोन्ही देशांनी लेखी मान्य केलं की अंतिम तोडगा निघेपर्यंत मार्च १९५९ च्या आधीची स्थिती कुणीही एकतर्फी बदलायची नाही. सही चीनची आहे. रस्ता चीनने बांधला आहे. गावंही चीननेच वसवली आहेत. यात दुसरी बाजू शोधत बसायची गरज नाही.

आता १९९६ सालची एक गोष्ट. आपल्याकडे ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. चीनने त्या वर्षी भूतानपुढे अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. उत्तरेतल्या जाकारलुंग आणि पासामलुंग खोऱ्यांतली ४९५ चौरस किलोमीटर जमीन भूतानने ठेवावी आणि पश्चिमेतली डोकलामसह २६९ चौरस किलोमीटर चीनला द्यावी. निव्वळ आकडे पाहिले तर सौदा भूतानच्या फायद्याचा. कुणाही लहान देशाने सही करून डोक्यावरचं ओझं उतरवलं असतं. भूतानने सही केली नाही.

त्यामागे त्याची स्वतःची कारणं होती. पश्चिमेची कुरणं त्यांच्या गुराख्यांची आहेत. पण डोकलामच्या पठारावरून दक्षिणेला गेलं की झांपेरीची धार येते, आणि त्या धारेच्या पलीकडे, खाली, सिलिगुडीचा चिंचोळा पट्टा आहे. सर्वांत अरुंद जागी तो २० ते २२ किलोमीटर रुंद. ईशान्येकडची सगळी राज्यं भारताला याच पट्ट्याने जोडलेली आहेत. आसामचा चहा, मणिपूरला जाणारा जवान, गुवाहाटीची रेल्वे, सगळं इथूनच. डोकलाम चीनच्या हाती गेलं तर आपल्या मानेवर सुरी येते, हे थिंपूला पुरतं ठाऊक आहे. आपल्या सुरक्षेचा विचार त्यांनी केला नसता तर हा सौदा केव्हाच झाला असता, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःचा सीमावाद त्यांनी मिटू दिलेला नाही. त्यातला मोठा वाटा आपल्यासाठी आहे.

मग आला १६ जून २०१७. चीनचे सैनिक रस्ता बांधायची यंत्रं घेऊन डोकलाममध्ये आले आणि झांपेरीच्या दिशेने काम सुरू केलं. भूतानी सैनिकांनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला, ते ऐकेनात. दोन दिवसांनी भारतीय जवान सिक्कीमच्या बाजूने डोका ला ही खिंड ओलांडून पुढे गेले आणि यंत्रांसमोर उभे राहिले. चीननेच नंतर आकडा दिला: सुमारे २७० जवान आणि दोन बुलडोझर. २९ जूनला भूतानच्या परराष्ट्र मंत्रालयाने निवेदन काढलं. आमच्या हद्दीत रस्ता बांधणं हा दोन्ही लेखी करारांचा थेट भंग आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी दिल्लीने आपली भूमिका मांडली.

बीजिंगने १९६२ ची आठवण करून दिली, बिनशर्त माघारीची मागणी लावून धरली, भारत भूतानचं नाव पुढे करून घुसखोरी करतो आहे असा आरोप केला. आपले जवान हलले नाहीत. ७३ दिवसांनी, २८ ऑगस्टला, दोन्ही सैन्यं समोरासमोरच्या जागेवरून मागे आली आणि त्या ठिकाणचं रस्त्याचं काम थांबलं.

भारताने त्या वेळी जे केलं ते शंभर टक्के योग्य होतं. मित्राच्या बांधावर जाऊन उभं राहायचं असतं, ते आपण केलं. त्याचा मला अभिमान आहे.

पण त्याच ७३ दिवसांत आपल्या वृत्तवाहिन्यांनी काय केलं? रोज रात्री एकच प्रश्न: भूतान गप्प का? भूतान घाबरला का? भूतान फितला का? ज्याच्या अंगणात दोन अण्वस्त्रधारी देशांची सैन्यं समोरासमोर उभी आहेत, त्या आठ लाखांच्या देशाने रोज रात्री नऊ वाजता आपल्या समाधानासाठी ओरडावं, अशी यांची अपेक्षा होती. त्यांनी जे बोलायचं ते एका निवेदनात बोलून झालं होतं. युद्ध पेटलं असतं तर पहिलं गाव त्यांचं जळालं असतं. ज्याचं घर पणाला लागलं आहे त्याने किती मोठ्याने बोलावं, हे दुसऱ्याने ठरवायचं नसतं.

डोकलामवरचा तो प्रसंग निवळला आणि आपण विसरलो. चीन विसरला नाही.

उत्तर भूतानमधल्या बेयुल खेनपाजोंगमध्ये ग्यालाफुग नावाचं गाव चीनने २०१५ पासूनच वसवायला घेतलं होतं. ही जागा भूतानी बौद्धांना अत्यंत पवित्र आहे. गुरू पद्मसंभवाने लपवून ठेवलेलं खोरं, अशी त्यांची श्रद्धा. २०२० मध्ये पश्चिमेला, डोकलामच्या जवळ, अमोछू नदीकाठी पांगडा नावाचं दुसरं गाव दिसलं. चीनच्या सरकारी माध्यमातल्या एका पत्रकाराने स्वतःच त्याचे फोटो टाकले आणि मग काढून घेतले. रस्ता अडवता येतो, त्यासमोर जवान उभे करता येतात. गाव अडवणं फार कठीण. त्यात बायका असतात, मुलं असतात, शाळा असते, अंगणात वाळत घातलेले कपडे असतात. म्हणूनच चीनने गावं निवडली. माणसांना घरं देऊन त्यांचेच सीमेचे खांब करायचे.

याच २०२० च्या जूनमध्ये आणखी एक प्रकार झाला. पूर्व भूतानमधल्या साकतेंग अभयारण्यासाठी जागतिक पर्यावरण सुविधा या संस्थेकडे मदतीचा प्रस्ताव आला होता. चीनने बैठकीत उठून सांगितलं, ही जागा वादग्रस्त आहे. साकतेंगच्या शेजारी अरुणाचल प्रदेश आहे. छत्तीस वर्षांच्या सीमाचर्चेत हे नाव कधीही निघालेलं नव्हतं. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही, ज्याच्या शेताला ते शेत लागूनही नाही, त्याने येऊन हक्क सांगावा, असा हा दावा. भूतानने ठाम नकार दिला, संस्थेने मदत मंजूर केली. पण आपल्याला अर्थ कळायला हवा होता. पश्चिमेतलं डोकलाम द्या, नाहीतर पूर्वेतही नवा वाद उभा करू, ही ती धमकी होती. याला शेजारधर्म म्हणत नाहीत, दमदाटी म्हणतात.

इथवर बहुतेक वाचक माझ्याशी सहमत असतील. चीनला नावं ठेवणं सोपं आहे. पुढचं जड जाईल.

थिंपूहून पुनाखाला जाताना दोचूला नावाची खिंड लागते. हवा मोकळी असेल तर तिथून हिमालयाची अख्खी रांग दिसते. खिंडीतल्या टेकाडावर १०८ स्तूप आहेत, भूतानी भाषेत चोर्तेन. आपल्याकडून जाणारी प्रत्येक सहल तिथे थांबते, फोटो काढते, चहा पिते आणि पुढे जाते. ते स्तूप कशाचे आहेत, हे कितीजण विचारतात?

उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतविरोधी सशस्त्र संघटनांनी नव्वदच्या दशकापासून दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. तिथून येऊन आसाम आणि उत्तर बंगालमध्ये हल्ले करायचे आणि परत जायचं. भूतानने त्यांच्याशी अनेक वर्षं बोलणी केली, निघून जायला सांगितलं, ते गेले नाहीत. १५ डिसेंबर २००३ रोजी भूतानच्या सैन्याने कारवाई सुरू केली. एकोणिसाव्या शतकातल्या दुआर युद्धानंतर हा देश पहिल्यांदाच लढाईत उतरत होता. तुटपुंजं सैन्य. आणि त्याच्या पुढे खुद्द राजा, जिग्मे सिंग्ये वांगचुक. ३० तळ उद्ध्वस्त झाले. आसामातली कितीतरी माणसं त्यामुळे वाचली. त्यात भूतानचे सैनिक मेले. दोचूलाचे ते १०८ स्तूप राजमाता आशी दोरजी वांगमो वांगचुक यांनी त्या मोहिमेच्या स्मरणार्थ उभारले आहेत.

आपल्या देशाच्या सुरक्षेसाठी मेलेल्या परक्या सैनिकांचं हे स्मारक आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातून मोटारसायकलवर गेलेला एक पर्यटक दोचूलाला चोर्तेनवर चढून उभा राहिला आणि फोटो काढून घेतला. भूतानमध्ये संताप उसळला, पोलिसांनी त्याला बोलावून घेतलं, त्याने माफी मागितली. एका माणसाला झोडपायला मी हे लिहीत नाही. त्याला कुणी सांगितलंच नसेल. मला राग आहे तो न सांगणाऱ्यांचा. आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे नाही, सहल काढणाऱ्यांच्या माहितीपत्रकात नाही, डिसेंबर उजाडला की कुठल्या वाहिनीवरही नाही. चीनने डोकलाममध्ये काय केलं हे आपल्याला तारखेसकट पाठ आहे. भूतानने आपल्यासाठी काय केलं, त्याचं सालही सांगता येत नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, भूतानने भारतीय पर्यटकांनाही रोजचं १,२०० रुपये शुल्क लावायचं ठरवलं. आपल्याकडे केवढी ओरड झाली. मित्र म्हणवता आणि पैसे घेता? त्यांच्या डोंगरांना, जंगलांना, मठांना गर्दी झेपत नसेल तर शुल्क लावायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे. महाबळेश्वर-लोणावळ्याचं काय झालं ते पाहिलेल्या मराठी माणसाने तरी कुरकुर करू नये.

आता दिल्लीकडे वळतो. १९४९ च्या मैत्री कराराच्या दुसऱ्या कलमानुसार भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं होतं. २००७ मध्ये नवा करार झाला आणि हे कलम गेलं. त्या जागी राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांत परस्परांशी निकटचं सहकार्य, असे शब्द आले. कागद बदलला. साउथ ब्लॉकची, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची, सवय बदलायला वेळ लागला. २०१२ मध्ये भूतानचे तेव्हाचे पंतप्रधान जिग्मे थिनले रिओच्या परिषदेत चीनचे पंतप्रधान वेन जियाबाव यांना भेटले. दिल्लीला ते रुचलं नाही. २०१३ च्या जुलैमध्ये, भूतानमधल्या मतदानाला दोन आठवडेही उरले नसताना, स्वयंपाकाच्या गॅसवर आणि रॉकेलवर भारत देत असलेलं अनुदान बंद झालं. थिंपूच्या स्वयंपाकघरात सिलिंडर महागला. १३ जुलैच्या मतदानात थिनले यांच्या पक्षाचा पराभव झाला. ऑगस्टमध्ये अनुदान पुन्हा सुरू झालं.

दिल्लीने याला तांत्रिक कारण दिलं. मी ते मान्य करत नाही. समजा ते खरं असलं, तरी मतदानाच्या तोंडावर मित्राची चूल अडेल असा तांत्रिक निर्णय घेणारा अधिकारी त्या खुर्चीच्या लायकीचा नव्हता. बांध कोरणाऱ्यापासून मित्राला वाचवायला जायचं आणि आपण त्याच्या विहिरीची मोटार बंद करायची, हे पाप आहे. गॅसच्या रांगेत उभ्या राहिलेल्या भूतानी बाईला त्या वेळी कोणता शेजारी दांडगा वाटला असेल, याचं उत्तर प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे द्यावं.

चांगलंही सांगायला हवं, आणि ते पुण्याशी जोडलेलं आहे. करोनाच्या काळात भारताने लस परदेशी पाठवायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या खेपा भूतान आणि मालदीवला गेल्या. २० जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या सीरमच्या कोविशिल्डचे दीड लाख डोस मुंबईहून विमानाने भूतानला पोचले. मार्चमध्ये आणखी चार लाख. सगळ्यांना पुरतील एवढे डोस हाती येईपर्यंत भूतान थांबला, शुभ दिवस पाहिला, २७ मार्चला लसीकरण सुरू केलं आणि जेमतेम दोन आठवड्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पात्र प्रौढांना पहिला डोस दिला. मोठमोठ्या देशांना हे जमलं नाही. त्या कुप्या पुण्यात भरल्या गेल्या, याचा आनंद मला आजही आहे.

मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. आपल्याच घरात प्रेतं जळत होती, लस बाहेर पाठवणं शक्य नव्हतं, त्यासाठी मी सरकारला दोष देत नाही. भूताननेही दिला नाही. जुलैमध्ये अमेरिकेने मॉडर्नाचे पाच लाख आणि डेन्मार्कने अॅस्ट्राझेनेकाचे अडीच लाख डोस दिले आणि त्यांचा दुसरा डोस पार पडला. तोवर त्या देशाने तक्रारीचा सूर लावला नाही. आपल्या वाहिन्यांनी २०१७ च्या पावसाळ्यात निदान एवढा तरी संयम दाखवायला हवा होता.

मग पाठिंबा म्हणजे नेमकं काय करायचं? डोकलामसारखा प्रसंग पुन्हा आला तर जवानांनी पुन्हा पुढे जायचं, त्यात शंका नको. पण असा प्रसंग दहा वर्षांतून एकदा येतो. मधल्या रोजच्या दिवसांत काय? १,२०० मेगावॉटचा पुनात्सांगछू-१ हा जलविद्युत प्रकल्प भारताच्या मदतीने २००८ मध्ये सुरू झाला. धरणाच्या जागेवरचा डोंगर २०१३ मध्ये सरकला, काम रखडलं, खर्च वाढत गेला, आणि भूतानच्या अर्थव्यवस्थेवर त्याचा भार पडला. सीमावर्ती भूतानी गावांतून तरुण बाहेर पडत आहेत, अनेकजण ऑस्ट्रेलियाला जात आहेत. पलीकडे चीन नवी घरं बांधून माणसं आणतो आहे आणि अलीकडे माणसं निघून चालली आहेत. वीज वेळेवर, रस्ता बारमाही, रेल्वे सीमेपर्यंत, आणि भूतानी मालाला आपल्या बंदरांपर्यंत विनाअडथळा वाट: खरी तटबंदी ही आहे. पंचवार्षिक योजनेला दिलेल्या कोट्यवधींच्या घोषणेपेक्षा एक पूर्ण झालेलं धरण मोठं.

आणि तोंड सांभाळायचं. मार्च २०२३ मध्ये भूतानचे तेव्हाचे पंतप्रधान लोटे त्शेरिंग यांनी एका बेल्जियन वर्तमानपत्राला सांगितलं की डोकलामचा प्रश्न तीन देशांचा आहे, तिघांचं म्हणणं सारख्याच वजनाचं आहे आणि तिघांनी मिळून तो सोडवावा. लगेच आपल्याकडे मथळे आले: भूतानने सूर बदलला. जमीन त्यांची, आणि तिसऱ्या हिश्श्याएवढं बोलण्याचा अधिकार मागितला तर तोही आपल्याला खुपला! त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये परराष्ट्रमंत्री तांडी दोरजी बीजिंगला गेले, सीमाचर्चेची पंचविसावी फेरी झाली. पुन्हा तोच गिल्ला.

१९५८ च्या सप्टेंबरमध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातून तिथे मोटारीचा रस्ताच नव्हता. नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावरून आणि याकवरून ते इंदिराजींसह पारोला पोचले. मोठा भारत लहान भूतानवर दबाव आणेल ही शंका त्यांनी तिथे स्वतःहून बोलून दाखवली आणि सांगितलं की भूतानने स्वतंत्र राहावं, आपला मार्ग आपण निवडावा, एवढीच आमची इच्छा आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी संसदेत जाहीर केलं की भूतानवरचं आक्रमण हे भारतावरचं आक्रमण मानलं जाईल. या दोन्ही गोष्टी एकत्र बोलायची त्यांना अडचण वाटली नाही. साठ-पासष्ट वर्षांनी दुसरी आपल्याला तोंडपाठ आहे, पहिली पुसून गेली आहे.

भूतान आणि चीन यांच्यात कधीतरी सीमाकरार होईल. व्हायलाच हवा, कुणीही कायम भांडत्या बांधावर राहू शकत नाही. उत्तरेत कदाचित भूतानला काही सोडावं लागेल. त्या दिवशी तुमच्या फोनवर 'भूतानने दगा दिला' असा निरोप येईल. तो पुढे ढकलू नका. कराराचा नकाशा उघडा आणि डोकलाम कुणाकडे आहे तेवढं पाहा. १९९६ पासून आजतागायत भूतानने ते दिलेलं नाही.